थू थू थू

दवाखान्यात जुईने तपासणीची नळी ओठांशी धरली, पण थुंकी येईना. तापाने तिच्या तोंडाला कोरड पडली होती.

"थुंकीत विषाणू निघाला नाही, की बाळाला मांडीवर घे," वडील समजावत होते. घरी बारा दिवसांचं बाळ होतं. खोकला सुरू झाल्यापासून त्यांनी जुईला बाळाच्या खोलीकडे फिरकू दिलं नव्हतं.

सिस्टरांनी विचारलं, "आजी दृष्ट काढताना काय करते गं?"

"थू थू थू!" जुईने पुन्हा पुन्हा केलं, तशी थुंकी नळीवरच्या खुणेपर्यंत पोचली. वडिलांना हायसं वाटलं.

"छान जमतं की तुला," सिस्टर म्हणाल्या.

"येतंच मला," जुई खुलली. "सकाळी आई झोपली होती ना, तेव्हा मीच बाळाची दृष्ट काढली. अगदी तोंडाजवळ जाऊन."

आता वडिलांच्या तोंडाला कोरड पडली.