पाहुण्याचा गोल

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फुटबॉल संघात अकरा वर्षं हाफबॅक खेळलेल्या जानरावला आज शेवटची संधी होती. रेल्वेच्या संघात नोकरीसकट एक जागा होती आणि निवडायला साहेब मलकापुरात आले होते. कोकिळाने नवऱ्याच्या बुटांना एरंडेल चोळलं होतं. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला गोल मोकळा असताना जानरावने चेंडू जळगाव जामोदहून उसन्या आणलेल्या, अनवाणी फॉरवर्डकडे ढकलला. गोल झाला, साहेबांनी पाहुण्यालाच निवडलं. संध्याकाळी त्याला गाडीत बसवून जानराव घरी आला. “समोर कोणी नव्हतं. काऊन देला त्याले?” कोकिळा धुसफुसली. “पाहुना होता. उपाशी कसा धाडू?” “अकरा वर्षं लोकायलेच वाढता तुमी.” तिचं लक्ष त्याच्या अनवाणी पायांकडे गेलं. “बूट?” “देले त्याले. मले आता कुठं खेळनं हाय?” कोकिळाने एरंडेलाची बाटली पुढे आपटली. “मंग ही बी द्यायची होती. कोरडे बूट तडकतीन.”