तुलनेसाठी ताजं रक्त

पांढरकवड्याकडच्या गावांतून संशोधनासाठी आणलेले रक्ताचे नमुने आमच्या फ्रीजरमध्ये आहेत. ते बिघडले नाहीत ना, हे तपासायचं होतं. तुलनेसाठी ताजं रक्त लागतं. कपिलनं नेहमीसारखं माझंच काढलं.

ताजं रक्त यंत्रात फिरवलं की वर पिवळसर पाणी सुटतं. एकदा गोठून वितळलेलं रक्त मात्र लालच राहतं.

माझी नळी वरपासून खालपर्यंत लाल निघाली.

"अनघाताई, हे तं फ्रीजरमधलं रक्त दिसून राह्यलं."

"नळ्यांची अदलाबदल केलीस तू."

"कायची अदलाबदल? फ्रीजर तं अजून उघडलाच नाही आपण."

त्यानं स्वतःचं रक्त काढून फिरवलं. वर छान पिवळं पाणी आलं. मग माझ्या दुसऱ्या हातातून काढलं. पुन्हा लाल.

मला काहीच कळेना. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. कपिलचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. माझा कोरडाच होता.

"सुईच खराब असेल," मी म्हणाले आणि हातावरचा कापूस काढायला गेले. तो निघेना.

कपिलनं मदतीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग माझ्याकडे न बघता त्यानं फ्रीजर उघडताना घालायचे जाड हातमोजे चढवले.