गुरुवारच्या गाड्या

"सातव्या पानावर हे टेरन्स कोण आहेत?" रोझलिनने विचारलं.

मॅक्सीन कपात चहा ओतत होती. तिचा हात थांबला. क्लिफर्डच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या केअर प्लॅनची फाईल उघडी होती. त्याला काय आवडतं, काय जमतं, कुठे मदत लागते, सगळं त्यात लिहिलेलं. ती मदत करणं ही मॅक्सीनची नोकरी, आणि ती नीट होते की नाही हे बघायला कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, माणूस वर्षातून एकदा यायचं. पण पानं खरोखर वाचणारी ही रोझलिन पहिलीच.

'टेरन्सला आगगाड्या बघायला फार आवडतं. दर गुरुवारी त्याला रेल्वेच्या पुलावर न्यावं.'

"टाइप करताना चुकलं असेल," मॅक्सीन म्हणाली.

"होतं असं." रोझलिनने पेनाने नाव खोडलं आणि वर क्लिफर्ड लिहिलं. मग तिने खोलीवर नजर फिरवली. पडद्यांवर इंजिनं, मगावर इंजिन, भिंतीवर इंजिनाच्या आकाराचं घड्याळ. "घर मात्र अगदी त्यांच्या आवडीनं सजवलंय तुम्ही. सगळीकडे नाही दिसत असं. काय क्लिफर्ड, सगळं ठीक?"

बावन्न वर्षांच्या क्लिफर्डने चहात बुडवलेलं बिस्किट जपून तोंडात टाकलं. "ठीक," तो म्हणाला. कोणी काहीही विचारलं तरी तो हेच म्हणायचा.

टाइप करतानाची चूक नव्हती ती. नऊ वर्षांपूर्वी, आई गेली त्याच आठवड्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी क्लिफर्ड एक बॅग घेऊन या फ्लॅटमध्ये राहायला आला. प्लॅन सोमवारपर्यंत द्यायचा होता. खरं तर त्याच्याजवळ दोन-तीन दिवस बसायचं, विचारायचं, निरखायचं आणि मग लिहायचं. पण कामावरच्या दोन बायका आजारी होत्या आणि सगळं काम मॅक्सीन एकटी ओढत होती. त्या फ्लॅटमध्ये आधी राहणारा टेरन्स बहिणीजवळ राहायला गेला होता. त्याची फाईल तशीच होती. मॅक्सीनने त्यातलं नाव बदललं, एका जागी ते राहून गेलं, आणि प्लॅन पाठवून दिला. पुढच्या आठवड्यात नीट लिहू, असं तिने ठरवलं होतं. तो आठवडा काही उजाडला नाही. पुढे दरवर्षी ती फाईल भरभर चाळायची आणि विचारायची, "सगळं पहिल्यासारखंच ना, क्लिफ?" तो म्हणायचा, ठीक.

ते पडदे तिनेच एका नाताळात आणले होते. आणताना ही आवड टेरन्सची, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. स्वतः लिहिलेलं खोटं तिला केव्हा खरं वाटायला लागलं कोण जाणे. रोझलिनचे आभार मानून दार लावताना तिला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

मागे वळली तर क्लिफर्ड कोट घालून उभा. गुरुवार होता.

पुलावर बोचरा वारा होता. क्लिफर्ड नेहमीप्रमाणे वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. थर्मासची पिशवीही त्याच्याच खांद्यावर.

"ही टोपी घातलीस की तू किटलीसारखी दिसतेस," तो म्हणाला.

"आणि तू चहात पडलेल्या बिस्किटासारखा."

तो हसला. लांबून एक मालगाडी येताना दिसली. त्याने तिला कोपराने हळूच ढोसलं. "आली बघ."

मॅक्सीनने आज गाडीकडे पाहिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. डबे एकामागून एक खालून धडधडत गेले आणि क्लिफर्ड दोन्ही कानांवर हातमोजे दाबून, डोळे मिटून उभा होता.

"क्लिफ," गाडी गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या हातून एक वाईट गोष्ट झालीय. गाड्या आवडायच्या त्या टेरन्सला. तुझ्याआधी तुझ्या फ्लॅटमध्ये राहायचा त्याला. मी त्याच्या आवडी उचलून तुझ्या नावावर लिहिल्या. तुला विचारलंच नाही कधी. आता विचारते. तुला आवडतात का गाड्या?"

त्याने हातमोजे कानांवरून काढले.

"नाही. कान दुखतात."

"अरे, मग नऊ वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

त्याने थर्मासची पिशवी खांद्यावर नीट केली.

"मी आजच रोझलिनला फोन करून खरं काय ते सांगते," मॅक्सीन म्हणाली. असल्या खोट्या कागदापायी माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या तिला माहीत होत्या. रोझलिनने नाव खोडलं तेव्हासारखी आताही गप्प बसली असती तर कोणाला काही कळलंही नसतं, आणि क्लिफर्ड म्हातारा होईपर्यंत इथेच कान दाबून उभा राहिला असता. "माझं काय व्हायचं ते होईल. तुझा प्लॅन नव्याने लिहायचा, तुला विचारून. सांग, गुरुवारी काय करायला आवडेल तुला?"

"पोहायला," क्लिफर्ड लगेच म्हणाला. "आईबरोबर जायचो. ती काठावर बसायची."

काठावर बसायला काय लागतं? एक टॉवेल आणि बाकडं. नऊ वर्षं.

"ठरलं तर मग," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारपासून पोहायला. इथे पुन्हा यायचं नाही, क्लिफ. कधीच नाही."

त्याचा चेहरा खुलेल असं तिला वाटलं होतं. पण तो काळजीत पडला. त्याने एकदा रुळांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"पण मॅक्स," तो म्हणाला, "मग तुझ्यासोबत इथे कोण येणार?"