चिरलेला बॉल

बाळारामने मशीनचा शेवटचा स्क्रू सोडवला आणि त्याच्या मागे उभी असलेली करिष्मा एक पाऊल मागे सरकली.

टेनिसचे बॉल फेकणारं ते मशीन सकाळपासून अडून बसलं होतं. चालू केलं की आतून घरघर यायची, वरच्या टोपलीतले बॉल जागच्या जागी थरथरायचे, पण तोंडातून एकही बाहेर पडायचा नाही. परवा पुण्याला निवड चाचणी होती. राहनाळ गावात दोन गोडाऊनच्या मधल्या जमिनीच्या ज्या तुकड्यावर भावकीतल्या सगळ्यांनी तिसरं गोडाऊन बांध म्हणून सांगितलं, तिथे बाळारामने पोरीसाठी सिमेंटचं कोर्ट घातलं होतं. आणि तीच पोर आता मनातल्या मनात म्हणत होती, याला काही सापडू नये.

"पप्पा, उद्या मेकॅनिक बोलवू ना."

"उद्या कशाला? तुझी प्रॅक्टिस बुडंल. टॉर्च धर."

तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि डाव्या हातात धरला.

बाळारामने आधी बॅटरीची वायर काढून बाजूला टाकली. टोपली उचलली, बॉल बादलीत ओतले. खालची भोकांची चकती निघाली तशी आतली दोन चाकं दिसली. दोन्हींवर बॉलांची पिवळी लव चिकटून बसली होती.

"लूमसारखंच हाय बघ," तो म्हणाला. घरचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, त्याने पंधरा-वीस वर्षं चालवले होते. "रुवाँ साफ नाय केला का तिथं धागा तुटतो, हितं बॉल अडकतो."

कोरड्या फडक्याने तो चाकं पुसू लागला. करिष्माला जरा धीर आला. एवढ्यावर त्याचं समाधान होईल, चकती बसवेल, मशीन तरीही चालणार नाही आणि मग तो वैतागून उठेल. पण पुसता पुसता त्याची बोटं चाकांच्या मधल्या फटीत गेली आणि तिथेच थांबली.

"हितं काय तरी हाय. चाक उलटं फिरव. दोन्ही हातांनी."

तिने फोन खाली ठेवला आणि चाक धरलं. उजव्या हाताने जोर लावताच कोपरापासून मनगटापर्यंत कळ गेली आणि चाक निसटलं.

"जोर लाव की."

"लावते."

बाळारामने एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिला बाजूला सारून त्याने स्वतःच चाक फिरवलं. चपटा झालेला एक बॉल त्याच्या हातात आला. त्याने तो दाबला, तसं बॉलला तोंड फुटलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ काप गेला होता. विळीवर वांगं चिरावं तसा.

तेवढ्यात करिष्माची आई पार्वती चहाचे कप घेऊन आली. "निघालं का काय आतून?"

बाळारामचा अंगठा त्या कापावरून फिरला. "बॉल हाय. उंदरानं कुरतडलेला."

"मशीनमध्ये उंदीर?"

"गोडाऊनच्या शेजारी उंदरांना काय तोटा?"

पार्वतीने कप कट्ट्यावर ठेवले आणि ती घराकडे वळली. बाळारामने बॉल खिशात घातला.

करिष्मा स्क्रू तळहातावर घेऊन उभी राहिली. तो एकेक उचलून बसवत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. एरवी तो चिडला की पलीकडच्या गोडाऊनमधल्या हमालांना ऐकू जायचं. आज तो नुसते स्क्रू आवळत होता.

त्याने वायर जोडली. "जा. उभी ऱ्हा."

ती रॅकेट घेऊन रेषेमागे गेली. त्याने वेग सगळ्यात कमी ठेवलेला तिला दिसला. पहिला बॉल आला. तिने मारला, तो जाळ्यात गेला. दुसराही जाळ्यातच. तिसऱ्याला रॅकेट हातातून सुटून सिमेंटवर आपटली. मशीन आपलं फेकतच राहिलं आणि तिच्या बाजूने जाणारे बॉल मागच्या कुंपणावर एकामागून एक आदळत राहिले. मग घरघर थांबली.

बाळाराम कोर्ट ओलांडून आला. रॅकेट उचलली, पण तिला दिली नाही.

"हात कवापासून दुखतोय?"

"गणपतीपासून."

"मना का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परवा पुण्याला नेलं नसतं." ती म्हणाली. "आणि रोज खेळत राहिले असते तर हात परवापर्यंत टिकला नसता. म्हणून तो बॉल चिरून आत घातला. मला फक्त दोन दिवस पाहिजे होते."

भिंतीपलीकडे एक कंटेनर मागे घेतला जात होता, त्याचा आवाज येत राहिला.

"गणपतीनंतर दोन स्पर्धा जिंकलो आपण," तो म्हणाला. आणि मग हळूच, "तू जिंकलीस."

करिष्मा उजवं कोपर डाव्या हाताने धरून उभी होती.

"उद्या सकाळी ठाण्याला डॉक्टरकडं जायचं. ते ठरलं," बाळाराम म्हणाला. "पुण्याला जायचं का न्हाय, ते तू सांग."

तिने सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर नेहमी तिथेच असायचं. पण बाळाराम तिच्याकडे पाठ करून, हातात रॅकेट घेऊन, गोडाऊनच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.