सुटलेला हात

टेम्पो धुवायला बाबा दोन्ही मुलांना घेऊन नदीत उतरले होते. डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक अंगावर आला. बाबांनी एका हाताने लेकीला धरलं, दुसऱ्याने धाकट्याला. पाय घसरू लागले. खडक धरायला एक हात मोकळा हवा होता. बाबांनी क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि तिला सोडलं. पुढच्या वळणावर एका कोळ्याने तिला केसांना धरून बाहेर ओढलं. घरी आई दोघांना कवटाळून रडली, मग ओरडली, “एवढी मोठी पोर, हिचा हात सुटलाच कसा?” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “घाबरली ती. हिसका देऊन सुटली.” “वेडी आहेस का गं?” आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. “हो आई, चुकलंच माझं,” लेक म्हणाली. बाबा टॉवेलने तिचे केस पुसायला आले, तेव्हा मात्र ती आईच्या पलीकडे सरकली.