डावा हात

“डावा हात, पहिलं बोट,” मंजुळाबाईंनी सांगितलं, आणि समाजमंदिराच्या सतरंजीवर बसलेल्या पोरापोरींचे डावे हात वर गेले. सरिताचा गेला नाही. तो ओढणीखाली होता.

मंजुळाबाई अंगणवाडीच्या. निवडणूक आली की मतदार यादीचं कामही त्यांच्याच गळ्यात. ज्यांना आमदारकीला पहिल्यांदाच मत द्यायचं, ती लेकरं केंद्रावर जाऊन गोंधळू नयेत म्हणून आज रंगीत तालीम होती. टेबलावर पुठ्ठ्याच्या खोक्याचं यंत्र. त्याच्यावर चिन्हं: वांगं, बादली, चिमणी. तोंडानं ‘पीं’ करायला एक पोरगी. शाई लावायला साहेब झालेला सुरज. त्यानं शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलं होतं.

“पुढचा,” सुरज साहेबी आवाजात म्हणायचा आणि बचत गटाच्या स्टॅम्पपॅडची शाई काडीनं नखावर ओढायचा.

“आरं, बोटाला लाव. घर सारवून राहिला का?” पायरीवरून नर्मदाबाई म्हणाल्या. बाया हसल्या.

बाया नुसत्याच बघायला आल्या होत्या. नर्मदाबाई म्हणजे आखाडा बाळापूरच्या पाहुण्यांची मावशी. ते पाहुणे येत्या रविवारी सरिताला बघायला येणार होते. म्हणून सरिताची आई भागूबाई आज नर्मदाबाईला खेटून बसली होती. तिचं ध्यान तालमीत नव्हतं, लेकीच्या ओढणीत होतं. “जा, पण नुसती बसून ये,” असं तिनं निघतानाच बजावलं होतं.

गेल्या सोयाबीनला हडंब्यात, मळणीच्या यंत्रात, सरिताचा हात गेला, हे गावाला ठाऊक होतं. पाहिला कुणीच नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून भागूबाईनं तो उघडा पडूच दिला नव्हता. बाळापूरला निरोप गेला होता तो एका बोटाचं टिपरं, म्हणजे वरचं पेरच, गेल्याचा.

“पुढचा.”

सरिता उठली, तशी भागूबाई बोलली, “तिचं ऱ्हाऊ द्या बाई. फुडच्या बारीला देईल मत. सासरच्या गावात.”

“नाव इथल्या यादीत आलंय, भागूबाई.”

“आलंय तर आलंय. नाव काय पळून जातंय का?”

सरिता टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“बाई, ज्याला पहिलं बोट न्हाई त्यानं काय करायचं?”

पायरीवरचं हसणं थांबलं. मंजुळाबाईंनी एकदा भागूबाईकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तू उजवा फुडं कर बाळा. कोण बघतंय?”

“तसं न्हाई. नियम काय हाय?”

“डाव्या हाताचं जे बोट असंल त्याला शाई. डावा हातच नसंल, तर उजव्याला.”



“डावा हात हाय माझा,” ती म्हणाली, आणि ओढणीतून काढून तिनं तो टेबलावर ठेवला.

अंगठा होता. करंगळी होती. मधल्या तीन बोटांच्या जागी गुलाबी, ताणलेलं कातडं होतं.

सुरजनं शाईकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं, मग छताकडं.

“वर काहून बघून राहिलास? पंख्याला लावतो का शाई?” सरिता म्हणाली. कुणी हसलं नाही. हात होता तिथंच होता.

“टिपरंच गेलंय म्हनत होतीस की गं, भागू,” नर्मदाबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू.



सुरजनं काडी बुडवली आणि करंगळीला टेकवली. शाई बसेना. थेंब होऊन घरंगळली, टेबलावर सांडली. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा घरंगळली. साहेबाचा घाम कॉलरीपर्यंत आला. सरितानं ओठ दाताखाली धरला होता. हात मागं घेतला नव्हता.

भागूबाई पायरीवरून उठली. आता पोरीला ओढत घरी नेणार, असं वाटून मंजुळाबाई मधे आल्या. भागूबाईनं त्यांना बाजूला केलं. लेकीचा हात उचलून आपल्या तळहातावर घेतला आणि पदरानं करंगळी पुसली. मग मधलं कातडंही पुसलं. बाळापूरच्या मावशीच्या डोळ्यांदेखत, सावकाश, कोपरा न् कोपरा.

“रोज सकाळी तेल जिरवते मी,” ती सुरजला म्हणाली. “त्याच्यावर शाई धरत न्हाई. आता लाव.”