चौकटीतला सर्व्हर

बियाण्यांच्या कंपनीचे लाखभर मेल एकाच सर्व्हरवरून सोडले, तर ते स्पॅममध्ये जाऊन पडतात. म्हणून नगरला राहणाऱ्या रश्मीनं ते तीन सर्व्हरवर वाटून दिले होते. एक बेलापुरात, एक कोल्हारला आणि एक शनिशिंगणापुरात, रंभाजीमामांच्या घरी. त्या घराला चौकट आहे, दार नाही.

बंद पडलेल्या पत्त्यांवरचे मेल बेलापूर-कोल्हारहून रोज माघारी यायचे. मामांच्या घरून एकही येत नसे.

"मशीनला कुणी हात लावला का, मामा?" तिनं फोनवर विचारलं.

"न्हाई बा. हितनं जायाला कोन अडवनार?"

रश्मीचं कुतूहल चाळवलं. तिनं कीबोर्डवर बोटं वेडीवाकडी फिरवून जगात कुणाचाच नसेल असा पत्ता बनवला आणि "कोण आहे?" एवढंच लिहून तिन्ही सर्व्हरवरून मेल पाठवला. बेलापूरहून तो माघारी आला. कोल्हारहूनही आला. शिंगणापूरहून गेला तो गेलाच.

तिचा चहा निवायच्या आत मामांचा फोन आला.

"रश्मे, येक पावनं आल्ते. कोन म्हनून इचारलं, तर म्हनले, ते रश्मीलाच सांगतो, तिनंच इचारलंय. मानूस बरा वाटला. तुज्या घरचा पत्ता दिलाय."